रेणूंची आपसातली ओढ आणि द्रवांचे स्वभाव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे फोनवर रोज काही ना काही येऊन पडतं. धडा तोच, प्रश्नही तेच, विचारणारे मात्र दर जूनला बदलतात. मधूनच एखाद्या पालकांचा नाहीतर शेजारच्या काकूंचा स्वयंपाकघरातला प्रश्न येतो, आणि खरं सांगायचं तर तो बहुतेक वेळा पुस्तकातल्यापेक्षा चांगला असतो. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, डोकं खाणारे शेवटी. एकच गोष्ट दोनदा लिहिलेली नाही. जिथे संबंध येतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आंतररेण्वीय बल आणि रासायनिक बंध यांत फरक काय? दोन्ही आकर्षणच ना?

दोन्ही आकर्षणच, पण ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक. रेणूच्या आत अणूंना धरून ठेवतो तो रासायनिक बंध. एका रेणूला शेजारच्या रेणूची जी ओढ असते ते आंतररेण्वीय बल. आकडेच बघा. १८ ग्रॅम पाणी म्हणजे चार लहान चमच्यांहून जरा कमी. १०० अंश सेल्सिअसला पोचलेल्या एवढ्या पाण्याची वाफ करायला सुमारे ४१ किलोज्यूल लागतात. त्याच वाफेतले रेणू फोडून सगळे अणू सुटे करायचे म्हटले तर ९०० किलोज्यूलच्या पुढे जावं लागतं. चहाचं आधण ठेवताना आपण फक्त त्या ४१ वाल्या ओढीशी झगडत असतो.

२. उकळत्या पाण्यातले बुडबुडे हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे असतात ना?

नाही. ते वाफेचे असतात, म्हणजे पाण्याचेच. (अगदी सुरुवातीला भांड्याच्या बुडाशी जमतात ते बारीक बुडबुडे पाण्यात विरघळलेल्या हवेचे.) खरंच हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघत असते, तर पेटत्या गॅसवर कुणी पातेलं ठेवलं नसतं.

३. आयनिक, डायपोल, लंडन, व्हॅन डर वाल्स, हायड्रोजन बंध... एवढी नावं लक्षात कशी ठेवायची? क्रम पाठ केला तर चालेल का?

नावांमागे माणसं आहेत, ती ओळखीची झाली की सोपं जातं. योहानेस व्हॅन डर वाल्स हा लायडनचा. त्याने १८७३ सालच्या प्रबंधात मांडलं की वायूचे रेणू एकमेकांना ओढतात आणि जागाही व्यापतात, म्हणूनच वायू आदर्श नियमाप्रमाणे वागत नाहीत. त्याला १९१० चं नोबेल मिळालं. लंडन हे इथे शहर नाही. फ्रिट्झ लंडन या शास्त्रज्ञाने १९३० मध्ये हेलियमसारख्या एकलकोंड्या अणूंनाही परस्परांची ओढ का असते याचं गणित सोडवलं. इलेक्ट्रॉनांचा ढग एका जागी स्थिर नसतो. क्षणभर तो एका बाजूला झुकतो, शेजाऱ्याचा ढग त्याला साथ देतो, आणि तेवढ्यापुरती ओढ तयार होते. ढग जितका मोठा आणि सैल, तितकी ही ओढ जास्त. म्हणून क्लोरीन वायू, ब्रोमीन द्रव आणि आयोडीन घन. तिघांतही ध्रुवीयपणा (रेणूची एक बाजू थोडी धन, दुसरी थोडी ऋण असणं) शून्य. फरक इलेक्ट्रॉनांच्या संख्येचा : ३४, ७० आणि १०६.

ज्या रेणूंची एक बाजू कायमची थोडी धन आणि दुसरी थोडी ऋण असते, त्यांच्यात लंडनच्या जोडीला द्विध्रुवांची ओढ येते. हायड्रोजन बंध हा त्यातलाच खास, दिशा धरून होणारा प्रकार : एका रेणूतल्या हायड्रोजनला शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनसारख्या अणूची ओढ. आयन आणि पाणी यांच्यातली ओढ वेगळी, तिच्यामुळे मीठ विरघळतं.

आता क्रमाबद्दल. ‘हायड्रोजन बंध सगळ्यात मोठा, लंडन सगळ्यात क्षुल्लक’ ही ओळ पाठ करून मुलं येतात आणि अर्धे गुण तिथेच घालवतात. तो क्रम साधारण सारख्या आकाराच्या रेणूंपुरता खरा. लंडनची ओढ प्रत्येक रेणूत असते आणि रेणू वाढला की थेंबे थेंबे तळे साचतं. मेणबत्तीच्या मेणात एकही हायड्रोजन बंध नाही, तरी मेण घन आहे आणि पाणी द्रव. प्रश्न १४ मध्ये हेच पुन्हा भेटेल.

४. पाणी १०० अंशांना उकळतं यात विशेष ते काय?

मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीत गंधक ऑक्सिजनच्या खालच्याच घरात बसतो. त्याचं हायड्राइड (हायड्रोजनशी झालेलं संयुग), म्हणजे सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड, उणे ६० अंशांना उकळतं. सेलेनियमचं उणे ४१, टेल्युरियमचं उणे २. ही उतरंड सरळ वर नेली तर पाण्याने उणे सत्तर-ऐंशीच्या आसपास उकळायला हवं होतं. ते १०० अंशांपर्यंत तग धरतं, कारण पाण्याचा एक रेणू शेजाऱ्यांशी चार हायड्रोजन बंध जोडू शकतो : दोन स्वतःच्या हायड्रोजनांनी, दोन ऑक्सिजनवरच्या मोकळ्या इलेक्ट्रॉन-जोड्यांनी.

५. इंजेक्शनआधी स्पिरिट लावलं की हात गार पडतो. स्पिरिट पाण्यापेक्षा जास्त उष्णता खेचतं का?

ग्रॅमाला ग्रॅम तोललं तर उलटंच आहे. नेहमीच्या तापमानाला एक ग्रॅम पाणी उडायला सुमारे २४०० ज्यूल लागतात, इथिल अल्कोहोलला साधारण ९००. पण अल्कोहोलचे रेणू एकमेकांना सैल धरतात, त्यामुळे ते भराभर निसटतात. हे निसटणं मोजायचं माप म्हणजे बाष्पदाब. २० अंशांना पाण्याचा तो पाऱ्याच्या १७.५ मिलिमीटरएवढा असतो, अल्कोहोलचा ४४. स्पिरिट कमी उष्णता नेतं, पण घाईघाईने नेतं, आणि त्वचेला ती घाईच कळते.

६. नागपूरला आत्याकडे माठातलं पाणी दात शिवशिवतील इतकं गार असतं. मुंबईत तोच माठ आणला तर पाणी कोमट. माठ बिघडला का?

माठ ठीक आहे, हवा वेगळी आहे. मातीच्या छिद्रांतून पाणी बाहेर झिरपतं, पृष्ठभागावरून उडतं आणि जाताना उरलेल्या पाण्यातून उष्णता घेऊन जातं. हिशेब करून बघा : एक ग्रॅम पाणी उडालं तर लिटरभर पाण्याचं तापमान अर्ध्या अंशाहून थोडं जास्त उतरतं. विदर्भातल्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत उडालेले रेणू सहसा परत येत नाहीत. मुंबईच्या दमट हवेत जेवढे उडतात त्यातले पुष्कळसे परत येऊन चिकटतात. माठाला तेलकट हात लावू नये, रंग देऊ नये असं आजी सांगायची, तेही याचसाठी. छिद्रं बुजली की झिरपणं संपलं.

७. महाबळेश्वरला डाळ शिजायला वेळ का लागतो?

द्रवाचा बाष्पदाब बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा झाला की द्रव उकळतो. महाबळेश्वर साधारण १३५० मीटर उंचावर आहे, तिथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं आणि तिथून पुढे तापत नाही. कुकरमध्ये याच्या उलट : शिटी धरून ठेवते म्हणून आतला दाब जवळपास दुप्पट होतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास जातं. रेणूंची ओढ दोन्हीकडे तीच.

८. ‘अळवावरचं पाणी’ पानाला का चिकटत नाही?

आधी एक प्रयोग. फुलपात्र पाण्याने काठोकाठ भरा आणि टोक खाली धरून एकेक टाचणी अलगद सोडा. पाच-दहा टाचण्यांत पाणी सांडेल असं वाटतं. पण पन्नासएक टाचण्या गेल्या तरी सांडत नाही. डोळे काठाच्या पातळीला आणून बघा, पाणी काठाच्या वर फुगलेलं दिसेल. आतल्या रेणूला चहूबाजूंनी शेजारी असतात, पृष्ठभागावरच्या रेणूला वरून कुणीच नसतं, त्यामुळे तो आत खेचला जातो आणि पृष्ठभाग शक्य तेवढा आकसतो. हाच पृष्ठताण. २० अंशांना पाण्याचा तो ७२.८ मिलिन्यूटन प्रति मीटर, अल्कोहोलचा सुमारे २२.

अळवाच्या पानावर मेणचट थर असतो आणि तोही सपाट नसतो. त्यावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात आणि त्यांच्यामध्ये हवा अडकून राहते. थेंब पानावर टेकतो तो त्या उंचवट्यांच्या टोकांवर, बराचसा हवेवरच. पानाशी ओढ नगण्य आणि स्वतःशी भरपूर, मग थेंब गोल होतो आणि पान हललं की घरंगळतो. जाताना धूळही घेऊन जातो. क्षणभंगुरतेसाठी हा दृष्टांत ज्याने निवडला त्याचं निरीक्षण पक्कं होतं.

९. साबण लावला की हे सगळं बदलतं. साबण पाण्याला नेमकं काय करतो?

साबणाच्या रेणूचं डोकं पाण्यात रमतं, शेपटीला पाणी नको असतं. त्यामुळे तो पृष्ठभागावर गर्दी करतो, शेपट्या बाहेर काढून. पाण्याच्या घट्ट धरलेल्या पृष्ठभागाची जागा शेपट्यांचा सैल थर घेतो आणि पृष्ठताण ७२ वरून तीसच्या आसपास उतरतो. वरच्या प्रयोगातल्या फुगलेल्या पाण्याला साबणाचं बोट लावा, पाणी लगेच काठावरून ओघळेल.

जाता जाता. या विषयातलं एक मूलभूत काम भांडी घासताना सुचलेलं आहे. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या आग्नेस पॉकेल्स हिला विद्यापीठात शिकता आलं नाही. घरच्या पाण्यावर तेलकट थर कसा वागतो हे तिने पत्र्याचं साधं उपकरण करून वर्षानुवर्षं मोजलं. १८९१ मध्ये इंग्लंडचे भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांनी तिचं पत्र ‘नेचर’मध्ये छापवून आणलं.

१०. समईत तेल खाली आणि ज्योत वर. तेल चढतं कसं? आणि मग नारळाच्या झाडात पाणीही असंच चढतं का?

वातीच्या तंतूंमधल्या फटी म्हणजे बारीक नळ्याच. द्रवाला नळीच्या भिंतीची ओढ पुरेशी असेल तर तो भिंत धरून वर सरकतो आणि मागच्या रेणूंना ओढून घेतो. हे केशाकर्षण. काचेच्या १ मिलिमीटर व्यासाच्या नळीत पाणी सुमारे ३ सेंटिमीटर चढतं. व्यास दहापट कमी केला तर ३० सेंटिमीटर.

झाडाचा प्रश्न इथेच अडतो. पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांचा व्यास ०.१ मिलिमीटरच्या आसपास धरला तर पाणी फूटभर चढून थांबायला हवं, आणि नारळ तर वीस मीटरच्या वर जातो. म्हणजे एकटं केशाकर्षण पुरत नाही. १८९४ मध्ये डब्लिनच्या डिक्सन आणि जॉली यांनी उत्तर दिलं : पानांतून पाणी उडतं तेव्हा मागची अख्खी धार दोरीसारखी वर ओढली जाते. रेणू एकमेकांना इतके घट्ट धरतात की ती दोरी तुटत नाही. मुळं ढकलतात त्यापेक्षा पानं कितीतरी जास्त ओढतात.

११. तेल पाण्यापेक्षा घट्ट असतं, मग ते पाण्यावर तरंगतं कसं?

‘घट्ट’ या एका शब्दाने केलेला हा घोळ आहे. घनता वेगळी, विष्यंदिता वेगळी. एका लिटरात किती वस्तुमान मावतं ती घनता, आणि त्यात तेल पाण्याच्या मागे आहे. वाहताना थर एकमेकांना किती अडवतात ती विष्यंदिता, आणि त्यात तेल पुढे. तेलाचे लांबलचक रेणू एकमेकांत अडकतात, शेवयांसारखे.

हायड्रोजन बंधांनीही विष्यंदिता वाढते. इथिल अल्कोहोलच्या रेणूत एक हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, जिच्यामुळे हायड्रोजन बंध होतो) असतो आणि ते जवळपास पाण्यासारखंच वाहतं. ग्लिसरीनमध्ये असे तीन, आणि २० अंशांना त्याची विष्यंदिता पाण्याच्या सुमारे १४०० पट. मधातल्या ग्लुकोजच्या रेणूत पाच. साखरेत आठ, आणि हे ज्यांनी लाडवांचा पाक केला आहे त्यांच्या बोटांना ठाऊक आहे. पाणी आटत जातं तसे साखरेचे रेणू एकमेकांना जास्त धरू लागतात. अंगठा आणि तर्जनीमध्ये थेंब धरून बोटं लांब केली की एक तार येते, आणखी आटवलं की दोन. एकतारी पाक ही विष्यंदितेची घरगुती मोजणीच. पाक मात्र जरा निवल्यावर बघा. एक तर बोट भाजेल, आणि दुसरं म्हणजे तापलेला द्रव पातळ होतोच : पाण्याचीसुद्धा विष्यंदिता २० पासून १०० अंशांपर्यंत साडेतीनपट उतरते.

१२. थंडीत खोबरेल तेल गोठतं, शेंगदाण्याचं का नाही? गोठतं ते शुद्ध आणि न गोठतं ते भेसळीचं, हे खरं का?

दर डिसेंबरला हा प्रश्न येतो. बाटली उन्हात ठेवलेली, आणि तेल काठाकडून पातळ होत मध्ये पांढरा खडा तरंगतोय, असा फोटोही सोबत असतो. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. त्यातली मेदाम्लं नव्वद टक्क्यांहून जास्त संपृक्त, म्हणजे सरळ दांड्यांसारखी साखळी असलेली. सरळ दांड्या गवताच्या पेंढीसारख्या अंगाला अंग लावून बसतात आणि लंडनच्या ओढीला लांबीभर संधी मिळते. शेंगदाण्याच्या तेलात दुहेरी बंध जास्त, आणि प्रत्येक दुहेरी बंधापाशी साखळीला बाक येतो. वाकड्या दांड्यांची पेंढी नीट बांधली जात नाही. याचा शुद्ध पुरावा म्हणजे स्टिअरिक आणि ओलिइक आम्ल. दोन्हींत कार्बन १८, पण पहिलं ६९ अंशांना वितळतं, दुसरं १३ ते १६ अंशांना. फरक फक्त एका बाकाचा.

भेसळीबद्दल : गोठतं म्हणून शुद्ध असं म्हणता येत नाही. दुसरी संपृक्त चरबी मिसळली तरी ते गोठेलच.

१३. तेल आणि पाणी एकमेकांना ढकलतात, म्हणून मिसळत नाहीत. बरोबर ना?

ढकलत नाहीत. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर सांडलेलं डिझेल इंद्रधनुषी पडदा होऊन पसरतं ते पाहिलंय ना? पाण्याने ढकललं असतं तर ते गोळा होऊन बसलं असतं. दोघांत ओढ आहे, पण पाण्याला पाण्याची ओढ त्याहून फार मोठी आहे. तेलाच्या रेणूला आत जागा द्यायची तर पाण्याला आपली हायड्रोजन बंधांची जुळणी बदलावी लागते, आणि तो सौदा त्याला परवडत नाही. मिसळण्याची दुसरी टोकाची गोष्ट म्हणजे अल्कोहोल : ५० मिलिलिटर अल्कोहोल आणि ५० मिलिलिटर पाणी एकत्र ओता, मोजपात्रात ९६-९७ भरतात. काही सांडलेलं नसतं. रेणू एकमेकांच्या फटींत नीट बसलेले असतात.

१४. क्लोरोफॉर्म ध्रुवीय आहे, कार्बन टेट्राक्लोराइड नाही. तरी टेट्राक्लोराइड जास्त तापमानाला कसं उकळतं?

क्रम पाठ करणाऱ्यांसाठीच हा प्रश्न विचारतात. क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळतं, कार्बन टेट्राक्लोराइड ७७ अंशांना. हायड्रोजनच्या जागी क्लोरीन आला की इलेक्ट्रॉन ५८ चे ७४ होतात. लंडनची ओढ इतकी वाढते की ध्रुवीयपणा गेल्याचं नुकसान भरून निघून वर शिल्लक राहते. आकाराचाही हिशेब धरा : सरळ साखळीचं पेंटेन ३६ अंशांना उकळतं, तितकेच अणू असलेलं चेंडूसारखं निओपेंटेन साडेनऊ अंशांना. चेंडू एकमेकांना एका टोकाशीच टेकतात.

१५. हायड्रोजन फ्लोराइडमधला हायड्रोजन बंध पाण्यापेक्षा बळकट, मग ते १९.५ अंशांनाच का उकळतं?

एकेक बंध बळकट आहे, पण संख्या कमी. रेणूत हायड्रोजन एकच, त्यामुळे सरासरी दोन बंध होतात आणि साखळ्या तयार होतात. पाण्याला चार, म्हणून जाळं (प्रश्न ४). शिवाय हायड्रोजन फ्लोराइडच्या वाफेतही या साखळ्यांचे तुकडे टिकून राहतात. उकळण्यासाठी सगळे बंध तोडावे लागतच नाहीत.

१६. हायड्रोजन बंध फक्त फ्लोरीन, ऑक्सिजन आणि नायट्रोजनशीच होतो ना?

बारावीच्या परीक्षेत हो लिहा. बाहेर मात्र गोष्ट पुढे गेली आहे. २०११ मध्ये रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने हायड्रोजन बंधाची नवी व्याख्या स्वीकारली. ती करणाऱ्या गटाचं नेतृत्व बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या ई. अरुणन यांच्याकडे होतं. त्या व्याख्येत कार्बनला जोडलेला हायड्रोजनही बसू शकतो. पुरावा प्रयोगशाळेतच आहे : क्लोरोफॉर्म आणि अ‍ॅसिटोन मिसळले की मिश्रण कोमट होतं, आणि योग्य प्रमाणात मिसळलं तर ६४ अंशांच्या पुढे उकळतं, दोघांच्याही स्वतःच्या उत्कलनबिंदूच्या वर.

१७. ऑर्थो आणि पॅरा नायट्रोफिनॉल, सूत्र एकच. मग ऑर्थो ४५ अंशांना आणि पॅरा ११४ अंशांना का वितळतं?

ऑर्थोमध्ये हायड्रॉक्सिल आणि नायट्रो हे दोन्ही गट शेजारी-शेजारी, त्यामुळे हायड्रोजन बंध रेणूच्या आतल्या आतच होतो आणि शेजाऱ्यांसाठी हात मोकळा राहत नाही. पॅरामध्ये ते समोरासमोर, म्हणून बंध करायला शेजारीच गाठावा लागतो. याच कारणाने वाफेच्या ऊर्ध्वपातनात ऑर्थो वाफेबरोबर निघून येतं आणि पॅरा मागे राहतं.

१८. पारा द्रव आहे. त्याच्यातलं आंतररेण्वीय बल कोणतं?

प्रश्नातच गफलत आहे. पाऱ्यात रेणू नसतात. अणू आणि त्यांनी सामाईक केलेले इलेक्ट्रॉन, म्हणजे धातूबंध, तोही धातूंच्या मानाने लेचापेचा, म्हणून पारा द्रव. तरी पाण्याच्या मानाने ती ओढ फारच मोठी : पृष्ठताण ४८० मिलिन्यूटन प्रति मीटरच्या पुढे. काचेशी त्याला फारसं देणंघेणं नाही, म्हणून नळीत पाण्याचा पृष्ठभाग खोलगट दिसतो आणि पाऱ्याचा फुगीर.

आमच्या प्रयोगशाळेत एकदा थर्मामीटर टेबलाच्या कडेवर आपटला. पारा फरशीवर सांडला आणि लखलखीत गोळ्या होऊन टेबलाखाली पळाला. एक मुलगा धावत केरसुणी घेऊन आला. त्याला थांबवलं, खिडक्या उघडल्या, सगळ्यांना बाहेर काढलं आणि हातमोजे घालून दोन जाड कागदांनी गोळ्या एकमेकींकडे ढकलल्या. टेकल्या की दोनांची एक होत होती, कडेला जराही खूण न ठेवता. शेवटी वाटाण्याएवढा एकच गोळा उरला, तो बाटलीत गेला. केरसुणी फिरली असती तर त्याच्या शंभर झाल्या असत्या, आणि त्या फरशीच्या सांध्यांतून कुणालाच काढता आल्या नसत्या.